क्लब काढायचाय, पण सहली सोडून तो गाडीसाठी नेमकं करतो काय?

फ्लायव्हील_६८:
साठच्या दशकातलं एक मॉडेल. कारखाना केव्हाच बंद पडलाय. शोधून शोधून पंचेचाळीस-पन्नास मालक एका यादीत आलेत, त्यातल्या जेमतेम निम्म्या गाड्या चालू आहेत. दरवाज्यांची रबरं मिळत नाहीत, वॉटर पंप संपलेत, ब्रेकच्या व्हील सिलिंडरना (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या छोट्या नळकांड्यांना) आतून खड्डे पडलेत. जो तो आपल्या मेस्त्रीकडून काहीतरी जमवून घेतो आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही. आता क्लब काढायचं ठरतंय. रविवारचे फोटो आणि टोप्या नकोत. गाड्या रस्त्यावर राहाव्यात म्हणून पहिल्या वर्षात काय करावं? आणि पन्नास जणांसाठी रबर काढून मिळतं का, की ते हजारांचंच काम आहे?

चेसिसनंबर:
आधी नोंदवही. कंटाळवाणं काम आहे, पण तिच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्सचा नंबर, बॉडी प्लेट, आणि हे नंबर नेमके कुठे ठोकलेत त्याचे फोटो. ठोकलेला नंबर फोटोत नीट येत नसेल तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, आकडे उमटतात. बंद पडलेल्या, शेडमध्ये धूळ खात असलेल्या गाड्याही नोंदवा. उद्या पार्ट त्यांच्यातूनच निघणार आहेत.

हे कशासाठी? एकाच मॉडेलमध्ये मधूनच पार्ट बदललेले असतात. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या: १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) आणि डायनॅमो, त्यानंतर निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर. बाहेरून गाडी तीच, पण डायनॅमोच्या गाडीला अल्टरनेटरच्या हिशेबानं काही जोडलं तर धूरच निघणार. तुमच्या मॉडेलमध्येही असे बदल असणारच. पन्नास गाड्यांचे नंबर चढत्या क्रमानं लावले आणि समोर कुठला पंप, कुठला डिस्ट्रिब्युटर, कुठले ड्रम हे लिहिलं, की बदल कुठल्या नंबरापाशी झाला ते दिसायला लागतं. मग पार्टच्या यादीत ‘या नंबरपासून या नंबरपर्यंत’ असं लिहिता येतं. ही एक ओळ नसल्यामुळे चुकीच्या पार्टवर किती पैसा जातो, ते जुन्या गाड्यावाल्यांना विचारा.

काही मॉडेलांचं नशीब चांगलं. ब्रिटिश मोटर म्युझियम गेडनला जुन्या उत्पादन नोंदींवरून दाखला देतं, फोक्सवॅगनचा तसा दाखला वोल्फ्सबुर्गच्या संग्रहालयातून मिळतो. ज्या कारखान्याचे कागदच उरले नाहीत, तिथे क्लबची वही हाच पुरावा असतो. म्हणूनच ती सगळी उघडी ठेवू नका. बाहेर दाखवताना नंबराचे शेवटचे तीन आकडे झाका. पूर्ण नंबर हाती लागला की त्याच नंबराची दुसरी गाडी ‘तयार’ करणारे महाभाग असतात.

साचा_आणि_डाय:
रबराबद्दल. पन्नास जणांत होतं, पण रबर कुठल्या जातीचं आहे त्यावर सगळं आहे.

दरवाज्याचं लांब रबर एक्स्ट्रूजनचं, म्हणजे डायमधून शेवयांसारखं बाहेर पडतं. याची डाय साधी असते, मोठा खर्च नाही. अडतं ते किमान लांबीवर, कारण मशीन एकदा लावली की कारखानदाराला काहीशे मीटर तरी काढायचे असतात. चार दरवाजे आणि डिकी धरून एका गाडीला साधारण १५ मीटर लागलं, तर चाळीस गाड्यांचे ६०० मीटर होतात. एकट्यादुकट्याला कुणी उभं करत नाही, चाळीस जणांची एकत्र ऑर्डर घेतात. क्लबचा खरा उपयोग इथे आहे.

गिअर लिव्हरचं बूट, ग्रोमेट, पेडलचे पॅड ही साच्यातली रबरं. त्यांना लोखंडी साचा लागतो, पण हातप्रेसवर पन्नास-शंभर नग निघतात. दिखाऊ, थंड जागेचे तुकडे सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतूनही होतात. असा साचा वीस-पंचवीस नगांत फाटायला लागतो, तेव्हा मूळ नमुना जपून ठेवा.

आता चुका कुठे होतात ते. जुन्या रबराचं माप घेऊन डाय करू नका. पन्नास वर्षांत ते आकसलेलं आणि चपटं झालेलं असतं, त्यावरून केलेलं नवं रबर जन्मतःच लहान. माप घ्यायचं ते पत्र्याच्या खाचेचं आणि दरवाजा व चौकटीमधल्या फटीचं, वर-खाली-मध्ये सहा-सात ठिकाणी. फटीत मातीच्या गोळ्या (मुलांची प्लॅस्टिकची माती चालते) ठेवून दरवाजा लावा आणि दाबलेल्या गोळीची जाडी व्हर्निअरनं (जाडी मोजायच्या सरकत्या मापपट्टीनं) मोजा.

दुसरी चूक कडकपणाची. दरवाज्याला स्पंज ईपीडीएम (ऊनपाऊस सोसणारं कृत्रिम रबर) हवं. भरीव कडक रबर आलं तर दरवाजा लागत नाही, लोक आपटतात, कुलपाची पट्टी वाकते आणि नाव क्लबचं खराब. नमुन्याशिवाय ऑर्डर नाही म्हणून सांगा: पाच मीटर काढून घ्या, तीन वेगवेगळ्या गाड्यांवर लावा. तीनच का, तर त्या काळची बॉडी बरीचशी हातानं ठोकून बसवलेली, डाव्या-उजव्या दरवाज्याचीही फट सारखी नसते. महिनाभर उन्हापावसात राहू द्या, मग पुढे जा.

मटेरिअलही ऑर्डरवर लिहून द्या. उन्हापावसात ईपीडीएम टिकतं, पण त्याला पेट्रोल-ऑइल लागलं की ते फुगतं. ऑइलच्या जागी नायट्राइल रबर. पेट्रोलमध्ये इथेनॉल येत असेल तर इंधनाच्या सीलला व्हिटॉन रबर. नुसतं ‘काळं रबर’ म्हणून सांगितलं तर जे स्वस्त असेल तेच येणार.

पैसे: निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय नाव यादीत घेऊ नका. ‘हो हो, माझंही धरा’ म्हणणारे चाळीस असतात, माल आल्यावर बावीस उरतात. गरजेपेक्षा पाव हिस्सा जास्त काढा आणि तो साठा अंधाऱ्या, थंड जागी, टाल्कम लावून, तारीख लिहून ठेवा. डाय आणि साचे क्लबच्या नावावर आहेत असं कारखानदाराकडून लेखी घ्या. हे राहिलं तर पुढच्या वेळी सुरुवात शून्यापासून.

गोटीपाना:
नवीन काढण्याआधी बघा की दुसऱ्या कशाचं चालतंय का. जुन्या गाडीत वाटतं त्यापेक्षा बाजारू माल खूप असतो. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे २५ बाय ५२ बाय १५ मिलिमीटर, मग ते गाडीचं असो की पिठाच्या गिरणीचं. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असं लिहिलेलं असतं. कुणाचंही इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडला की तिथे क्लबचा एक माणूस व्हर्निअर घेऊन हजर पाहिजे. माप, नंबर, फोटो. वर्षभरात यादी तयार होते आणि ‘मिळत नाही’ म्हणून सांगितलेल्या निम्म्या वस्तू बेअरिंगच्या दुकानात सापडतात.

दुसरं, हत्यारांची पेटी. प्रत्येकानं विकत घ्यावीत अशी ही हत्यारं नसतात, पण ती नसली तर हातोडी चालते आणि मग पार्ट जातो. फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या चाकाची ३६ मिलिमीटरची नट घ्या. ती साधारण ३०० न्यूटन-मीटरला आवळायची असते. घरच्या पान्यानं तेवढं होत नाही, नट ढिली राहते आणि ड्रमचे आतले दाते खाऊन टाकते. तुमच्या गाडीचा हब पुलर, किंग पिनचा रीमर, क्लच मधोमध धरायचा गज, मोठा टॉर्क पाना एवढं क्लबनं घ्या. अनामत ठेवून द्या, परत आल्यावर पुलरचे आटे तपासा.

फ्लायव्हील_६८:
हे सोन्यासारखं आहे. वॉटर पंपाचं काय करावं? एक सभासद म्हणतात स्कॅन करून थ्रीडी प्रिंट काढू. आणि ब्रेकचे सिलिंडर सरळ नवे ओतून घेतले तर?

आटे_मोजून:
प्रिंट केलेला प्लॅस्टिकचा पंप इंजिनवर लावू नका. प्रिंटचा उपयोग ओतकामाच्या नमुन्यासाठी. स्कॅनवरून मॉडेल काढा, ॲल्युमिनिअम असेल तर साधारण १.३ टक्के मोठं करा, कारण थंड होताना धातू आकसतो. जिथे मशिनिंग होणार तिथे दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवा, मग तो प्रिंट फाउंड्रीला द्या. स्कॅन सरळ ओतायला दिला तर सगळी भोकं जागेवरून सरकलेली येतात.

पण थांबा, बहुतेक वेळा बॉडी चांगली असते. जातं ते बेअरिंग आणि सील. त्या काळच्या पुष्कळ पंपांत शाफ्ट आणि बेअरिंग एकच तुकडा असतो, ५/८ इंच शाफ्ट आणि ३० मिलिमीटर बाहेरचा व्यास हे माप फार चालतं. तुमचं ते असेल तर नवा पंप नकोच. सभासदांकडून जुने पंप गोळा करा, वीस-पंचवीस एकदम एका चांगल्या लेथवाल्याकडे द्या: नवं बेअरिंग, कार्बन-सिरॅमिक सील, पुली दाबून जागेवर. पंपाच्या आतला पाणी फिरवणारा पंखा आणि बॉडी यांतली फट मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. जास्त ठेवली तर पाणी फिरत नाही, कमी ठेवली तर घासतो. जुना द्या, केलेला घ्या, म्हणजे साठा फिरता राहतो.

आणि पंप का जातोय तेही शोधा. ट्रायम्फ स्टॅग या ब्रिटिश गाडीचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. १९७० ते १९७७ पर्यंत बनलेली, तीन लिटरची व्ही-एट (आठ सिलिंडरची), गरम होण्यासाठी बदनाम. पंप इंजिनच्या वर, दोन हेडांच्या मध्ये. पाणी थोडं कमी झालं की आधी पंपच हवा ओढतो. ब्लॉक लोखंडी, हेड ॲल्युमिनिअमची, म्हणजे गंजरोधक कूलंट नसेल तर हेड आतून खात सुटतं. वर हेडचे निम्मे बोल्ट सरळ आणि निम्मे स्टड तिरपे, ते गंजून बसले की हेड निघतच नाही. मालक एकत्र आले तेव्हा हे एकेक कारण सुटं झालं: कूलंट वेळेवर बदला, रेडिएटर मोकळा करा, पाण्याची पातळी कमी झाली की दिवा लागेल असं बसवा, टायमिंग चेन ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदला, वाट बघू नका. त्यांच्या क्लबचा साचे-डाय करून घेण्यासाठी वेगळा फंडच आहे. बदनाम गाडी आज लांबचे प्रवास करते ती अशी.

सिलिंडर मात्र ओतू नका. मी तरी क्लबला ब्रेक आणि स्टिअरिंगच्या नव्या ओतकामात पडू देणार नाही. जुने सिलिंडर बोअर करून आत स्टेनलेसची स्लीव्ह बसवा, मूळ मापाला आणा, सील बाजारातलं तयार वापरा. व्यास बदलू नका. मागचा सिलिंडर मोठा झाला की मागची चाकं आधी लॉक होतात.

कमानपाटा:
ब्रेकवरून एक भर. ब्रेकला कुठलं तेल चालतं ते टाकीच्या झाकणावर ठळक लावायला स्टिकर छापा, क्लबचं सगळ्यात स्वस्त काम. सिट्रोएन टू सीव्ही या छोट्या फ्रेंच गाडीला १९८१ पासून पुढे डिस्क ब्रेक आले आणि त्यात हिरवं खनिज तेल, एलएचएम. अनोळखी गॅरेजमध्ये कुणी सवयीनं डॉट फोर (नेहमीचं ब्रेक तेल) ओततो आणि सगळी सिलं फुगतात, मास्टर सिलिंडरपासून सगळं उतरवावं लागतं. डॉट फाइव्ह हे सिलिकॉनचं तेलही सांभाळा, ते डॉट थ्री-फोरमध्ये मिसळत नाही.

नवीन बनलेल्या पार्टवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रोटर आर्म बघा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून एकेका प्लगला ठिणगी पोचवणारा तुकडा. स्वस्त रोटरमध्ये पितळी पट्टी धरणारा रिव्हेट खाली स्पिंडलच्या फार जवळ येतो, करंट तिथून अर्थ होतो. गाडी थंड असताना चालते, गरम झाली की झटके देऊन बंद. लोक कॉइल बदलतात, कंडेन्सर बदलतात, कार्ब्युरेटर उघडतात. तपासायचं असं: डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, कॉइलची जाड वायर रोटरच्या मधोमध तीन-चार मिलिमीटर वर धरा (इन्सुलेटेड चिमट्यानं, हातानं नव्हे), इग्निशन चालू करून मिटलेले पॉइंट उघडा. ठिणगी रोटरवर उडाली तर रोटर गळतोय, फेकून द्या. क्लबकडे आलेल्या प्रत्येक खेपेतले दोन-तीन रोटर असे बघून घेतले तर बाकीच्यांचा रस्त्यात खोळंबा होत नाही.

आणि रविवारच्या सहलीला इतकं नाक मुरडू नका. उभी गाडी सगळ्यात लवकर मरते. महिन्यातून एकदा चाळीस-पन्नास मिनिटं, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत, म्हणजे ऑइलमधलं पाणी उडतं. पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवली तर उलट पाणी वाढतं. थांबलात की प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर ब्रेकची लवचिक नळी आतून फुगलेली असू शकते, दाब जातो पण परत येत नाही. वीस गाड्या एका जागी थांबल्या की दहा मिनिटांत सगळ्यांची तपासणी होते. वहीत लिहा, पुढच्या वेळी तेच चाक पुन्हा बघा.

फ्लायव्हील_६८:
ठीक. नोंदवहीचा नमुना आजच पाठवतो सगळ्यांना. जुने पंपही मागवायला लागतो. रबराच्या फटीची मापं तीन गाड्यांवर घेऊन इथे टाकीन.

साचा_आणि_डाय:
मापं टाकताना दरवाज्याचे बिजागरे आधी तपासा. पिन झिजली असेल तर दरवाजा खाली बसतो आणि फट खोटी येते. मागच्या कडेला धरून दरवाजा वर उचला. हलला तर आधी पिन, मग माप.