ट्रेन सिम्युलेटरसाठी स्वतःचा डबा बनवायचाय, सुरुवात कशी करायची?

मुलगा १४ वर्षांचा, ओपन रेल्स या ट्रेन सिम्युलेटरमध्ये स्वतः बनवलेला डबा चालवायचाय म्हणून मागे लागलाय, मला यातलं ओ की ठो कळत नाही, कुणी सांगेल का?

उत्तर: ब्लेंडर घ्या, थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. पण पहिल्याच फटक्यात इंजिन नको हं, साधा आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या डिझाइनचा) घ्या, लांबी २१.३ मीटर, रुंदी ३.२५ च्या आसपास, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिमी, आणि ब्लेंडरमध्ये एक युनिट म्हणजे एक मीटर धरलं की मापं बरोबर बसतात.

उत्तर: चाकं नि बोगी (डब्याखालची, चाकं बसवलेली चौकट) वेगळे पार्ट ठेवा, नावं ठरलेल्या पद्धतीनेच द्या, नाहीतर चाकं फिरतच नाहीत, माझ्या भाचीचे दोन आठवडे यातच गेले बिचारीचे.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आभार, आज रात्रीच दोघं बसतो!