बुरशी आलेला मका कोंबड्यांनी खाल्ला, अंडी विकू का?

चांदवडची_माई:
आमच्या १४० गावरान कोंबड्या आहेत. अंडी दर शनिवारी नाशिकला गंगापूर रोडच्या दोन सोसायट्यांत जातात. परतीच्या पावसात मका खळ्यावरच भिजला. वरून ऊन दिलं, मग पोती भरून पडवीत लावली. गेल्या आठवड्यात खालचं पोतं उघडलं तर कुबट वास, दाणे एकमेकांना चिकटलेले, कोंबाच्या जागी हिरवट पिवळी भुकटी. तोवर पंधरा दिवस त्याच थप्पीतला मका भरडून घालत होते. अंडी रोजच्या ८५ वरून ५५ वर आलीत, कवचही पातळ. एक कोंबडी मेली, ती फाडून पाहिली तर काळीज पिवळं, बोटाने दाबलं की भुगा होणारं. सोसायटीतल्या एका ताईची मुलगी सात महिन्यांची गरोदर आहे, तिच्यासाठी त्या माझ्याकडूनच अंडी नेतात. मला रात्री झोप लागत नाही. ही अंडी उकडून खाल्ली तर चालतील का?

शेतकरी_निफाड:
माई, मका दोन दिवस कडक उन्हात टाका, पाखडून घ्या आणि घाला. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच करतात.

खाद्य_तपासनीस:
दादा, यात गफलत आहे. उन्हाने बुरशी वाढायची थांबते, पण तिने आधीच सोडलेलं विष दाण्यातच राहतं. पाखडून भुकटी उडते, विष नाही. मी २२ वर्षं कोंबडीखाद्याच्या कारखान्यात कच्चा माल तपासतोय.

माई, वर्णनावरून अफ्लाटॉक्सिनचा संशय येतो. मक्यावर आणि शेंगदाण्यावर वाढणारी अॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशी ते तयार करते. ते यकृतावर घाव घालतं, म्हणून काळीज तसं दिसलं. तरी राणीखेत या कोंबड्यांच्या रोगातही अंडी घटतात, तेव्हा पशुवैद्यकाला दाखवाच.

अंड्यांचं म्हणाल तर कोंबडीच्या पोटात गेलेल्या विषाचा फारच थोडा अंश अंड्यात उतरतो, साधारण हजारात एक भागही नाही. दुधात मात्र टक्का-दोन टक्के, कधी त्याहून जास्त जातं. तेव्हा तो मका गाई-म्हशींना चुकूनही घालू नका. पण उकडून किंवा तळून हे विष जात नाही, आणि अफ्लाटॉक्सिन कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे. गरोदर बाई आणि लहान मुलं खाणार असतील तर मी स्वतः ती अंडी देणार नाही.

आज मका बंद करा. थप्पीतल्या दहा जागांहून मूठमूठ नमुना घेऊन प्रयोगशाळेत द्या, कारण विष ठिकठिकाणी साचतं, एका मुठीत सापडेलच असं नाही. चांगलं खाद्य सुरू झालं की अंड्यातला अंश आठ-दहा दिवसांत ओसरतो, मी दोन आठवडे धरतो. खाद्यात टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवणारी भुकटी घालतात, ते डॉक्टरांना विचारून. पोतं हलवताना तोंडाला फडकं बांधा.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्यांच्या पोटात तो थेट गेला होता, तुमच्या गिऱ्हाइकांच्या नाही. पण मका कुठला खायचा नाही, हे तेव्हा कळलं असतं तर ती वाचली असती.

येवला_मका:
पुढच्या वर्षीसाठी सांगतो, ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पोतं शिवू नका. आणि थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

चांदवडची_माई:
डॉक्टर आज आले, रक्त घेऊन गेले. मका गोठ्याकडे जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी शेताच्या कडेला खड्डा घेतलाय, सगळी पोती उद्या त्यातच पुरणार. दोन पोती चांगली दिसतात, पण थप्पी तीच, तेव्हा ठेवत नाही. शनिवारी सोसायटीत अंडी नाहीत. ताईंना फोनवर सगळं सांगितलं, आधीची घरात असतील ती फेकायला सांगितलं. त्या क्षणभर बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, दोन आठवड्यांनी आठवण कर.