एल्डर वाँड: मालकी नेमकी कोणाची?

हॅरी पॉटरच्या गोष्टीत एल्डर वाँड ही सर्वात ताकदवान जादूची छडी. प्रश्न असा की ती बाळगणाऱ्या मुख्याध्यापक डम्बलडोरला शिक्षक स्नेपने मारलं, मग ती स्नेपची का झाली नाही? कारण या छडीला खून लागतच नाही, पराभव लागतो. दुष्ट जादूगार ग्रिंडेलवाल्डने ती छड्या बनवणाऱ्या ग्रेगोरोविचकडून चोरली, जाताजाता त्याला नुसतं बेशुद्ध केलं. तेवढ्यावर मालकी बदलली. डम्बलडोरने 1945 मध्ये ग्रिंडेलवाल्डला हरवलं, पण मारलं नाही.

आता डम्बलडोर मारला गेला त्या मनोऱ्यावरचा क्रम बघा. स्नेप वर पोचायच्या आधीच ड्रेको मॅलफॉय या विद्यार्थ्याने डम्बलडोरची छडी उडवलेली असते. मालकी तिथेच गेली. शिवाय स्नेपच्या हातचं मरण डम्बलडोरने स्वतःच त्याच्याशी आधी ठरवलेलं, म्हणजे तो पराभव नव्हेच.

खरी मेख पुढे आहे. मॅलफॉयच्या वाड्यात हॅरी ड्रेकोच्या हातातून हॉथॉर्नची, 10 इंची छडी हिसकावतो. एल्डर वाँड तेव्हा डम्बलडोरच्या थडग्यात, तरीही तिचा मालक ड्रेको हरल्यामुळे ती हॅरीची होते! हॅरीचा शत्रू व्होल्डेमॉर्ट नंतर थडगं फोडतो, छडी हातात येते, पण तिची निष्ठा, म्हणजे खरी मालकी, नाही. मग स्नेपच मालक आहे असं समजून तो आपल्या नागिणीकरवी त्याला मारतो, तेही फुकट.

मग विद्यार्थी सरावात एकमेकांच्या छड्या उडवतात, तेव्हा त्यांची निष्ठा का बदलत नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे. माझ्या मते तिथे खरी झुंज नसते, एवढंच.