मदत हवी आहे: टेन्शनवर कॅप्सूल की लाल माठ?

मंडळी, जरा सांगा. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शिफ्टला आहे, ऑर्डरचं टेन्शन, झोप तीन-चार तासांवर आलीय आणि घरात कुणावरही खेकसतोय. जिममधल्या एकानं कॅप्सूल दिल्यात, म्हणे झाडपाल्यातल्या रंगांनी स्ट्रेस उतरतो, डबीवर बीटा कॅरोटीन, ल्युटीन असं कायकाय लिहिलंय, महिन्याला अठराशे रुपये. "नॅचरल हाय, साइड इफेक्ट न्हाय."

आई म्हणते तेवढ्यात कपिलतीर्थ मंडईतनं महिन्याची भाजी येईल. तिनं लाल माठ, गाजर, बीट सुरू केलंय, आणि बीट खाऊन दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी बघून मी डॉक्टर गाठायला निघालो होतो, ते सोडा.

खरंच फरक पडतो का, की मनाचं समाधान? आणि शिजवल्यावर रंग उतरतो तसा गुण पण जातो का? सिगारेटी दिवसाला सहा-सात, आईला माहीत नाही.

प्रतिसाद:
दादा, आधी ती डबी बाजूला ठेवा. सिगारेटवाल्यानं बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. फिनलंडात सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ ला निकाल आला, रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. गाजरात पण हेच बीटा कॅरोटीन असतं, पण गाजर मात्र बिनधास्त खावा.

स्ट्रेसचं म्हणाल तर फळं-भाज्या भरपूर खाणारी माणसं जरा खुशीत असतात असं दिसतं, पण भाजीमुळं खुशीत की खुशीत म्हणून नीट जेवतात, हा गुंता सुटलेला नाही. ल्युटीन, केशरावर छोट्या ट्रायल आहेत, त्यापायी अठराशे घालवू नका.

तांबड्या रश्श्यावर कट येतो बघा, वर तेल लालभडक? मिरचीचा रंग तेलात उतरतो. गाजर, टोमॅटोचा पण त्याच जातीचा, म्हणून तेलात परतलं की अंगाला जास्त लागतं. माठ, बीटाचा रंग पाण्यात जातो, तेवढं उकळलेलं पाणी फेकू नका.

आणि झोप एवढी कमी असेल तर डॉक्टरला दाखवाच, सिगारेटचं खरं सांगून.

धागाकर्ता:
आयला, कट! लहानपणापासनं वाटीत बघतोय, डोक्यात आलं नाही. डबी परत देतो, पैसे देतोय का बघू. आता आईला सिगारेटचं कसं सांगायचं, त्यावर पण कुणीतरी बोला.