डाग कसा काढता? विदर्भातल्या घरांतले अनुभव

गावाकडं डाग म्हटला की हळदीचा, चुलीच्या काजळीचा, काळ्या मातीचा, नाहीतर बोअरच्या पाण्याचा. दुकानातल्या महागड्या बाटलीवर यातल्या एकाचंही नाव नसतं. राख, चिंच, रिठे, लिंबू, ऊन असं घरचंच वापरून तुम्ही काय काय काढलं, ते इथं लिहा. कापड कोणतं होतं, पाणी कसलं, डाग ताजा की जुना हेही सांगा. जो डाग निघत नाही, त्याचंही नाव घ्या.

सुरुवात मी करते. माझं माहेर समुद्रपूर तालुक्यातलं. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद आमच्याच भागातली. हळद उकडायच्या, वाळवायच्या दिवसांत घरात पिवळं न झालेलं कापड सापडत नाही. साबण लागला की तो डाग एकदम लाल होतो आणि नवी सून घाबरते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हळदीतला रंग क्षारात लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. तो घालवतं ते ऊन. साबणानं धुतलेलं कापड ओलंच कडक उन्हात टाकायचं, सुकलं की पाणी शिंपडून पुन्हा टाकायचं. पांढरं सुती धोतर, दुपट्टा यांवरचा डाग असा उतरत जातो. रंगीत लुगड्याला मी हे करत नाही, उन्हानं त्याचा मूळ रंगही जातो.

दर्यापूरकडून
ताई, तुमच्याकडं पाणी गोडं हाय. आम्ही पडलो खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या काठची विहीर खारी, बोअर खारा. इथं साबणाले फेसच येत नाही, उलट त्याचाच पांढरा थर कापडावर बसते. मंग कितीबी घासा, सदरा कळकटच दिसते. आमच्या घरी म्हणून रिठेच. बिया काढून टाकायच्या, टरफलं रातभर भिजू घालायची, सकायी उकळून हातानं कुस्करून गाळून घ्यायची. खाऱ्या पाण्यातबी रिठ्याचा थर बसत नाही, हे त्याचं मोठं काम. रेशमी पातळ अन् लोकरीची शाल तं मी दुसऱ्या कशानं धुतच नाही. डोयात जाऊ देऊ नका, लय झोंबते.
बादलीले अन् नळाले जो पांढरा खार चढते, त्याले चिंचेचा कोळ लावून ठेवायचा अन् मंग घासायचा.

अकोला जिल्हा, गवंडीकाम करतो
काकू, कोळ बादलीले लावा, पण खाली फरशीवर सांडू देऊ नका. शहाबादी फरशी चुनखडीच्या दगडाची असते. चिंच, लिंबू, व्हिनेगर, आंबट काहीही पडलं की दगड खाल्ला जातो आणि पांढरट चट्टा राहतो. तो डाग नव्हे, दगडच गेलेला असतो. लोक डाग समजून त्यावर पुन्हा लिंबू घासतात. फरशीला साधं पाणी आणि थोडा साबण पुरे.
अजून एक. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतू नका. फेस दिसतो जोरात, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती नुसतं खारट पाणी राहतं.

वरूड
आंबिया बहराच्या तोडणीत संत्र्याच्या ताज्या सालीची बाहेरची बाजू दाबून घासली की डब्यावरच्या कागदाचा चिकटा निघतो. सालीतल्या तेलाचं ते काम आहे, वाळलेल्या सालीत तेवढा जोर नाही. ट्रॅक्टरच्या ग्रीसला आधी ज्वारीचं पीठ चोळायचं, तेल ओढलं की झटकायचं, मग धुवायचं.

यवतमाळ जिल्हा
काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळू नका, कापडात मुरतो. वाळू द्या, झटका, मग पाण्यात घाला.
पण मला दुसरंच कळकळीनं सांगायचं आहे. कपाशीवरच्या फवारणीचे कपडे यात धरू नका. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर गेले. त्या कपड्यांवर डाग दिसो न दिसो, औषध असतंच. ते घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. हातमोजे घालून त्याच दिवशी वेगळे धुवायचे, साबण भरपूर, पाणी दोन-तीनदा बदलायचं. तिथं राख-लिंबावर विसंबू नका. जास्त भिजलेला सदरा सरळ टाकून द्या. लहान पोरांची झबली त्याच बादलीत बुडवलेली पाहिली की माझा जीव कळवळतो.

घाटंजीजवळून
दादा बरोबर बोलले. मी फक्त बोअरच्या तांबड्या डागाचं सांगते. ते लोखंडाचे असतात. पांढऱ्या कपड्यावर ब्लीच टाकलं की अजून पक्के बसतात. लिंबू अन् मीठ लावून उन्हात ठेवा, मग खळखळून धुवा. लिंबू अन् ब्लीच कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

आर्वी
रक्ताला थंडच पाणी. गरम लागलं की डाग पक्का होतो. पाळीची कापडंही थंड पाण्यात भिजवून, साबणानं धुऊन उघड्या उन्हात वाळवावीत. दुसऱ्या कपड्यांखाली सावलीत दडवलेली ओलसर राहतात आणि मग खाज, जळजळ सुरू होते. माझ्या मुलींची कापडं मी अंगणातल्या दोरीवरच टाकते.

गडचिरोली जिल्हा
न निघणाऱ्या डागाचं विचारलं होतं ना? तो बिब्ब्याचा. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचाच चीक वापरत, कितीही धुणी झाली तरी खूण टिकावी म्हणून. तेव्हा राख, लिंबू, रिठे, कशाचीच माती करू नका. कापड सोडा, हात बघा. चीक कातडीला लागला तर फोड येतात. लगेच साबणपाण्यानं धुवा आणि फोड आलेच तर दवाखाना गाठा.