अजय-अतुल आवडत नाहीत, की त्यावर नाचणारे?

खरवस
काल एका पोस्टवर वाचलं: 'अजय-अतुलनी मराठी गाण्याची वरात काढली. ढोल बडवायचे, वर व्हायोलिनं ओतायची, झालं गाणं.' खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. राहवेना म्हणून लिहितोय.

'जोगवा'ला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही. तेव्हा हीच मंडळी माना डोलावत होती. २०१६ला 'सैराट' आला, 'झिंगाट' गल्लोगल्ली वाजलं आणि एकदम सगळ्यांचे कान नाजूक झाले! सोसायटीचा वॉचमन ज्यावर नाचतो ते गाणं आपल्याला आवडतं म्हणायची लाज वाटते, दुसरं काही नाही.

हे दुखणं जुनंच आहे. १९५२ला आपलेच केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ला विविध भारती काढावीच लागली.

पेटीमास्तर
आला वॉचमन! नावडतं म्हटलं की आम्ही लगेच उच्चभ्रू. अहो, मला संगीतकार राम कदमांच्या लावण्या तोंडपाठ आहेत, त्या काय दिवाणखान्यातल्या होत्या? माझी तक्रार एकसुरीपणाची आहे. दुसऱ्या कडव्याला सगळा वाद्यमेळ अंगावर येणार, अजयचा आवाज वरच्या पट्टीत जाणार. 'सैराट'साठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रण केलं म्हणे. करा. पण गाण्याला श्वास घ्यायला जागा ठेवा.

नाकतोडा
मास्तर, श्वासाचं माझ्या काकांना विचारा. त्यांचा लग्नातला बँड आहे. 'याड लागलं' क्लॅरिनेटवर घेताना लांबलेल्या सुरावर त्यांचे गाल फुगतात, मानेची शीर टरारते. मग ट्रम्पेटवाला हळूच तो सूर उचलतो आणि काका मिशी पुसायच्या निमित्तानं दम खातात. ओळ तुटत नाही. या गाण्यांवर त्या सीझनला बँडच्या सुपाऱ्या वाढल्या. एकसुरी असेल, पोट भरतं.

सोलकढी
पोट भरतं म्हणून चांगलं? मग डीजेवाल्यांचंही भरतं. आमच्या खिडकीखाली ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत लावून रात्री उशिरापर्यंत 'झिंगाट'. सासरे अँजिओप्लास्टी होऊन आदल्याच दिवशी घरी आलेले. कपाटातले स्टीलचे डबे थरथरत होते. मला तेव्हापासून ते गाणं नकोच वाटतं.

खरवस
ताई, सहानुभूती आहे. पण तो दोष डीजेचा.

घाटावरचा
डीजेचा म्हणे! आणि पुण्यातली ढोलपथकं? कोपऱ्याकोपऱ्यावर शंभर ढोल, त्यात टोल, म्हणजे धातूची मोठी तबकडी, गाडीवरून. ती वाजली की संस्कृती, आमच्या गावच्या वरातीत बॉक्स वाजला की ध्वनिप्रदूषण. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, ती ढोलाला लागू नाही का?

पेटीमास्तर
पथकाला हात लावू नका. माझी मुलगी ताशा वाजवते, जुलैपासून नदीपात्रात सराव असतो. ती मेहनत आहे, पेन ड्राइव्ह खुपसणं नव्हे.

सोलकढी
नदीपात्राशेजारी राहून बघा, मग मेहनत मोजू.

घाटावरचा
मास्तर, म्हणजे ढोल तुमच्या लेकीनं वाजवला तर मेहनत आणि अजय-अतुलनी गाण्यात घातला तर बडवाबडवी? वा!

पेटीमास्तर
घरच्यांवर येऊ नका. पातळी सोडायची असेल तर मलाही येतं.

नाकतोडा
शांत व्हा मास्तर. लेकीचा विषय तुम्हीच काढलात.

खरवस
मूळ मुद्दा राहिला बाजूला. मास्तर, आनंद शिंदेंचा 'पोपट' चौकाचौकात वाजायचा तेव्हा कॅसेट घेतली होतीत का?

पेटीमास्तर
नव्हती. शेजाऱ्याची होती, भिंतीतून फुकट मिळायची. आणि हो, 'जीव रंगला' उत्तम आहे, घ्या लिहून, फ्रेम करून लावा. पण त्यात जे राखलं ते 'झिंगाट'मध्ये का नाही, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

खरवस
कारण तिथे पोरं नाचणार होती, मास्तर. नाचाच्या गाण्यात आलाप घेत बसायचं का?

घाटावरचा
ते राहू द्या. टोलगाडीचं उत्तर कोण देणार?