उत्तर: वीज गेली की टीव्हीचा बॉक्स ‘अनुपलब्ध’

वीज जाऊन आली की होम असिस्टंटमध्ये (घरातली उपकरणं एकाच जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) अँड्रॉइड टीव्हीचा बॉक्स ‘अनुपलब्ध’ दिसतो, म्हणून इंटिग्रेशनच (बॉक्स त्याला जोडणारा भागच) कच्चं आहे, हे या चर्चेत वर आलेलं मत मला पटत नाही. आमच्याकडे जळगावात उन्हाळ्यात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, त्यामुळे हा त्रास मी पुरेपूर भोगलाय. दोष आयपी पत्त्याचा, म्हणजे घरच्या नेटवर्कमधल्या बॉक्सच्या क्रमांकाचा, होता. एडीबीने (अँड्रॉइड उपकरणाला बाहेरून आज्ञा देण्याची सोय) बॉक्स जोडताना आपण जो पत्ता लिहितो, तोच धरून होम असिस्टंट बॉक्सच्या ५५५५ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) जातं. वीज आल्यावर राउटरने बॉक्सला दुसराच पत्ता दिला की संपलं. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीत) बॉक्सचा पत्ता राखून ठेवला आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतला, तेव्हापासून ती तक्रार नाही.

दुसरं म्हणजे, २०२३ पासून होम असिस्टंटमध्ये ‘अँड्रॉइड टीव्ही रिमोट’ हे वेगळं इंटिग्रेशन आहे. त्याला डेव्हलपर ऑप्शन्स (एडीबीसाठी सुरू करावी लागणारी अँड्रॉइडची लपलेली सेटिंग्ज) लागत नाहीत. टीव्हीवर दिसणारा कोड एकदा टाकला की जोडणी पक्की. फायर टीव्हीवर मात्र ते चालत नाही, तिथे एडीबीच. मग टीव्हीवर येणाऱ्या एडीबीच्या परवानगीच्या चौकटीत ‘नेहमी परवानगी द्या’वर खूण कराच, नाहीतर तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. आमच्या अप्पांना मोतीबिंदूमुळे रिमोटची बटणं दिसत नाहीत. त्यांच्या खाटेशी झिगबीचं (कमी विजेवर चालणाऱ्या वायरलेस जोडणीचं) एकच बटण लावलंय: दाबलं की टीव्ही सुरू, यूट्यूब उघडं. ‘टीव्ही काबर लागत नही रे?’ ही त्यांची हाक आता येत नाही, आणि मला त्याचं फार समाधान आहे.